एकच अभ्यास, दोन जर्नल: सर्पदंशावरच्या एका शोधनिबंधाचे प्रकरण

मराठवाड्यातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या मेडिसिन विभागाने नऊ प्राथमिक आरोग्य केंद्रांकडून आलेल्या सर्पदंशाच्या २१४ रुग्णांचा अभ्यास केला. काळ जून २०२२ ते ऑक्टोबर २०२३, म्हणजे दोन पावसाळे आणि सोयाबीन काढणीचे दोन हंगाम. प्रश्न एकच होता: रुग्ण पुढे पाठवण्याआधी केंद्रावर २० मिनिटांची रक्त गोठण चाचणी झाली का, आणि झाली असेल तर बरोबर झाली का? लेखक तीन होते. विभागातल्या सहयोगी प्राध्यापक (पुढे ‘मॅडम’), सहायक प्राध्यापक (पुढे ‘सर’) आणि एमडी करणारा एक निवासी डॉक्टर. महाविद्यालय, माणसे, तारखा आणि रुग्णांचे आकडे मांडणीसाठी धरलेले आहेत. नियम, आणि इतर प्रसिद्ध अभ्यासांची वर्षे व आकडे मात्र खरे आहेत.

या एका माहितीतून वर्षभरात तीन हस्तलिखिते निघाली. पहिले इंग्रजी, ‘क’ या जर्नलला. दुसरेही इंग्रजी, जवळजवळ तेच, ‘ख’ या जर्नलला. तिसरे मराठी, आरोग्य कर्मचाऱ्यांपर्यंत जाणाऱ्या एका मराठी वैद्यकीय नियतकालिकाला. दुसऱ्यामुळे अधिष्ठातांकडे तक्रार गेली. तिसऱ्याला ‘क’च्याच संपादकांनी लेखी संमती दिली. दोन्ही वेळा अभ्यास दुसऱ्यांदा छापायला निघाला होता, तरी दोन्हींची वाट इतकी वेगळी का झाली, हे समजून घेण्यासारखे आहे.

मे महिन्यात काय घडले

‘क’कडे निबंध जानेवारी २०२४ मध्ये गेला. सोबत नेहमीचे घोषणापत्र होते: हे लेखन पूर्वी प्रसिद्ध झालेले नाही आणि सध्या दुसऱ्या कोणत्याही जर्नलच्या विचाराधीन नाही. त्यावर तिघांच्या सह्या होत्या. मेपर्यंत उत्तर नाही. ऑनलाइन पानावर तीन महिने ‘परीक्षण सुरू’ एवढेच दिसत होते. इकडे सरांची पदोन्नतीची फाइल तयार होत होती आणि तीत एक निबंध कमी पडत होता.

सरांनी तोच निबंध ‘ख’ला पाठवला. शीर्षकातला ‘मराठवाडा’ काढून ‘पश्चिम भारताचा ग्रामीण भाग’ केला. दंशाची वेळ नोंदलेली नव्हती असे १६ रुग्ण वगळले, म्हणून रुग्णसंख्या १९८ झाली. प्रस्तावना आणि चर्चा नव्याने लिहिली, स्वतःचे नाव पहिले केले आणि घोषणापत्रावर पुन्हा सही केली. पद्धतीचा भाग आणि दोन मुख्य तक्ते जवळपास तसेच राहिले.

बहुतेक जर्नलांची यंत्रणा निबंध मिळताच सर्व सहलेखकांना मेल पाठवते. मॅडमचा ईमेल पत्ता जुना दिलेला होता, त्यामुळे त्यांना काही कळले नाही. निवासी डॉक्टरचा पत्ता बरोबर होता. त्याने विचारले, “सर, हा आपलाच पेपर ना? तो तर आधीच एका ठिकाणी दिलाय.” उत्तर आले, “असू दे रे. जिथं आधी लागेल तिथं ठेवू, दुसरीकडून काढून घेऊ.” तो गप्प बसला. प्रबंधावर मार्गदर्शकाची सही बाकी असलेला विद्यार्थी यापेक्षा फार काही करू शकत नाही, आणि हे समजून घेऊनच महाविद्यालयांनी अशा वेळी दाद मागायची दुसरी जागा ठेवायला हवी.

‘जिथं आधी लागेल तिथं’ हा हिशेब विभागाविभागांत ऐकू येतो, म्हणून तो कुठे चुकतो ते नीट पाहू. एकेका निबंधावर दोन-तीन परीक्षक बिनमोबदला तास न् तास घालवतात. दोन ठिकाणी पाठवलेला निबंध त्यांतल्या निम्म्या लोकांचा वेळ फुकट घेतो. दुसरे, अनेक जर्नले स्वीकृतीनंतर स्वामित्वहक्क लिहून घेतात किंवा छापण्याचा एकमेव परवाना घेतात. तोच हक्क दोघांना देता येत नाही. आणि ‘दुसरीकडून काढून घेऊ’ हे नेहमी जमतेच असे नाही. दोन्ही स्वीकृती एकाच आठवड्यात आल्या, तर एक निबंध ऑनलाइन झळकलेला असतो आणि तो काढून घेण्याचा एकच मार्ग उरतो: जाहीर माघार. ती सूचना लेखकाच्या नावाला कायमची चिकटते.

कसे उघडकीस आले

ऑगस्टमध्ये ‘ख’च्या संपादकांनी निबंध ज्या परीक्षकाकडे पाठवला, त्यानेच मार्चमध्ये तो ‘क’साठी तपासला होता. सर्पदंशावर काम करणाऱ्यांचे वर्तुळ लहान आहे, तेव्हा यात योगायोग फार नाही. साम्य शोधणाऱ्या सॉफ्टवेअरने मजकुराचे साम्य बऱ्यापैकी कमी दाखवले होते, कारण प्रस्तावना आणि चर्चा नव्याने लिहिली होती. शिवाय ‘क’मधला निबंध तेव्हा प्रसिद्धच नव्हता, त्यामुळे यंत्राला तुलनेसाठी काही मिळालेच नाही. परीक्षकाने ओळखले ते तक्त्यांवरून: त्याच नऊ केंद्रांचा क्रम, तेच स्तंभ, जवळपास त्याच टक्केवाऱ्या.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या वाङ्मयचौर्यविरोधी नियमावलीने साम्याचे टप्पे ठरवले आहेत: १० टक्क्यांपर्यंत, १० ते ४०, ४० ते ६० आणि ६० च्या वर. हे टप्पे सर्वांना पाठ झाले आणि त्यातून असा समज पक्का झाला, की आकडा दहाच्या आत आला म्हणजे निबंध स्वच्छ. यंत्र शब्द मोजते, रुग्ण मोजत नाही. तेच २१४ रुग्ण नव्या वाक्यांत लिहिले तर साम्य शून्याजवळ येईल, आणि इंग्रजी निबंधाच्या मराठी भाषांतरात तर साम्य सहसा सापडणार नाही. आयोगाने एप्रिल २०२० मध्ये वेगळी सूचना काढून सांगितले, की स्वतःचेच आधी प्रसिद्ध झालेले काम योग्य उल्लेखाशिवाय नवे म्हणून मांडणे मान्य नाही. त्या सूचनेत प्रश्न टक्क्यांचा नाही, उल्लेखाचा आहे.

पुढची पावले ‘कोप’ या संपादकांच्या संस्थेच्या मार्गदर्शक आराखड्याप्रमाणे पडली. १९९७ मध्ये सुरू झालेली ही संस्था जर्नलांसाठी प्रकाशन नीतीचे आराखडे तयार करते. आधी ‘ख’च्या संपादकांनी दोन्ही हस्तलिखिते शेजारी ठेवून साम्याची व्याप्ती पाहिली: रुग्ण तेच आहेत का, प्रश्न तोच आहे का, निष्कर्ष तेच आहेत का. तिन्हींचे उत्तर ‘हो’ आले. मग पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकाला, म्हणजे सरांना, सही केलेले घोषणापत्र जोडून खुलासा मागितला. “विश्लेषण वेगळे आहे,” असे उत्तर आले. १६ रुग्ण वगळण्यापलीकडे वेगळे काही नव्हते. निबंध नाकारला गेला आणि संस्थाप्रमुखांना कळवले गेले. ‘क’ने तोवर स्वीकारलेला निबंध छापाईआधी थांबवला, तिन्ही लेखकांकडून स्वतंत्र लेखी उत्तरे घेतली, आणि माहिती विश्वासार्ह आहे याची खात्री झाल्यावर ऑक्टोबरमध्ये प्रसिद्ध केला.

दोन्हीकडे छापून आला असता तर? सर्वसाधारण पद्धत अशी: ज्या जर्नलने आधी छापले ते पुनरुक्तीची सूचना देते, पण निष्कर्ष विश्वासार्ह असतील तर निबंध मागे घेत नाही. नंतर छापणारे जर्नल मागे घेते. दोन्ही एकाच वेळी छापले असतील, तर प्रकाशनाच्या परवान्यावर किंवा हक्क हस्तांतरणावर आधी सही कुठे झाली, ते पाहून अग्रक्रम ठरवता येतो.

नुकसान कोणाचे होते

“दोनदा छापल्याने रुग्णाचं काय बिघडलं?” हा प्रश्न चौकशीत सरांनी विचारला, आणि तो टाळण्यासारखा नाही. बिघडते ते एकत्रित विश्लेषणात. समजा, दोन वर्षांनी कोणी या चाचणीवरचे सगळे भारतीय अभ्यास गोळा केले. एकात मराठवाड्यातले २१४, दुसऱ्यात पश्चिम भारतातले १९८. शीर्षक वेगळे, पहिला लेखक वेगळा, संख्या वेगळी. गोळा करणारा ४१२ धरणार. प्रत्यक्षात माणसे २१४ च.

ही भीती हवेतली नाही. ओन्डानसेट्रॉन या उलटी थांबवणाऱ्या औषधावर १९९१ ते १९९६ या काळात प्रसिद्ध झालेल्या चाचण्या तपासणारा एक अभ्यास १९९७ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. प्रसिद्ध अहवालांपैकी १७ टक्के आणि रुग्णांच्या माहितीपैकी २८ टक्के भाग पुनरुक्त निघाला. ती धरून हिशेब केला, की औषधाचा परिणाम २३ टक्क्यांनी जास्त दिसत होता. काही जोड्यांत तर दोन्ही अहवालांचे लेखकही सामाईक नव्हते. ज्या चाचण्यांत औषध जास्त गुणकारी दिसले, त्याच पुन्हा छापल्या जाण्याचा कल होता. पुनरुक्ती एकाच बाजूला झुकते, म्हणून ती धोकादायक.

मे महिन्यात करायला हवे होते ते फार अवघड नव्हते. तीन महिने उलटले, की संपादकांना हस्तलिखिताचा क्रमांक देऊन स्थिती विचारायची. दोन आठवड्यांत उत्तर नाही तर पुन्हा विचारायचे. तरीही हालचाल नसेल, तर सर्व लेखकांच्या संमतीने निबंध मागे घेत असल्याचे पत्र द्यायचे, आणि ‘मागे घेतल्याची नोंद झाली’ असे लेखी उत्तर हातात पडेपर्यंत दुसरीकडे काहीही पाठवायचे नाही. लोक चुकतात ते इथे: माघारीचा मेल सकाळी टाकतात आणि दुपारी नव्या ठिकाणी सबमिट करतात. उत्तर येईपर्यंत निबंध पहिल्या जर्नलच्याच ताब्यात असतो.

मराठी आवृत्ती: तोच अभ्यास, दुसऱ्यांदा, उघडपणे

मॅडमना मराठी आवृत्ती का हवी होती, ते अभ्यासातच होते. २१४ पैकी १३१ जणांची चाचणी केंद्रावर झाली होती, आणि त्यांतल्या ४७ जणांची चुकीची. या चाचणीसाठी शिरेतले ताजे २ मिली रक्त स्वच्छ, कोरड्या, साध्या काचेच्या नळीत घ्यायचे, २० मिनिटे न हलवता ठेवायचे आणि मग नळी एकदाच तिरपी करून पाहायची. रक्त पातळ राहिले, तर गोठण बिघडलेली आहे, म्हणजे घोणस किंवा फुरशाचे विष असण्याची शक्यता मोठी. नळी प्लास्टिकची असेल किंवा डिटर्जंटने धुतलेली असेल, तर निरोगी माणसाचे रक्तही गोठत नाही आणि चाचणी खोटे सांगते. एका केंद्रावरच्या सिस्टर म्हणाल्या होत्या, “मॅडम, नळ्या आम्ही रोज साबणाच्या पाण्यात घासून लख्ख ठेवतो.” कामात कसूर नव्हती. नळी साबणाने धुवायची नाही, हे त्यांना त्यांच्या भाषेत कोणी सांगितलेच नव्हते, आणि ‘क’मधला इंग्रजी निबंध त्या केंद्रावर कोणी उघडणार नव्हते.

वैद्यकीय जर्नल संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या शिफारशींत अशा दुय्यम प्रकाशनाला स्पष्ट जागा आहे. दोन्ही संपादकांची संमती हवी, आणि दुसऱ्या संपादकांना पहिला निबंध पाहायला मिळालेला हवा. किती काळ थांबायचे ते संपादक आणि लेखक मिळून ठरवतात. वाचकवर्ग वेगळा हवा, संक्षिप्त आवृत्ती चालते. माहिती आणि तिचा अर्थ मूळाशी प्रामाणिक हवा. पहिले प्रकाशन कुठे झाले ते लेखावरच लिहायचे, आणि ही दुय्यम आवृत्ती आहे हे शीर्षकातून कळले पाहिजे. यातली प्रत्येक अट वाचकाला एकच गोष्ट दाखवते: ही प्रत आहे, मूळ तिकडे आहे.

प्रत्यक्षात पहिला अडथळा परवान्याचा आला. ‘क’ मुक्त प्रवेशाचे, म्हणजे कोणालाही मोफत वाचता येणारे जर्नल आहे, म्हणून “मुक्तच आहे, छापू या,” असे सुचवले गेले. पण निबंध क्रिएटिव्ह कॉमन्सच्या सीसी बाय-एनसी-एनडी परवान्याखाली होता. त्यातल्या ‘एनडी’चा अर्थ, बदललेले रूप प्रसारित करायला मनाई. भाषांतर हे बदललेले रूपच. त्यामुळे हक्कधारक प्रकाशकाकडून स्वतंत्र लेखी परवानगी घ्यावी लागली. परवाना नुसता सीसी बाय (श्रेय देऊन बदलण्याचीही मुभा) असता, तर कायद्याने वेगळी परवानगी लागली नसती. संपादकांची संमती मात्र तेव्हाही घ्यायची असते, कारण तो प्रश्न कायद्याचा नसून प्रकाशन नीतीचा आहे. ‘क’च्या संपादकांना मराठी मसुदा आणि त्याचा इंग्रजी गोषवारा पाठवला. आठ आठवड्यांचे अंतर ठरले.

मग मसुद्यातल्या चुका निघाल्या, आणि त्या बघण्यासारख्या आहेत. पहिल्या मसुद्यात ‘सुमारे दोनशे रुग्ण’ असे सोपे करून लिहिले होते. नेमकी संख्या दोन्हीकडे एकच नसेल, तर नंतर कोणालाही हे दोन वेगळे अभ्यास वाटतील. सुमारे दोनशे म्हणजे १९८ सुद्धा होऊ शकतात, आणि ‘ख’चे प्रकरण ताजे होते. दुसरी चूक अधिक नाजूक. ८३ जणांची चाचणी झालीच नाही आणि ४७ जणांची चुकीची झाली. भाषांतरात या दोन्हींची बेरीज करून ‘१३० जणांची चाचणी नीट झाली नाही’ असे वाक्य झाले. बेरीज बरोबर, अर्थ बदलला. पहिल्यात नळीचा पुरवठा आणि मनुष्यबळ यांचा प्रश्न आहे, दुसऱ्यात प्रशिक्षणाचा. सोपे करताना दोन आकड्यांचे एक वाक्य करणे हा भाषांतरातला सगळ्यात जास्त वेळा होणारा बदल आहे, कारण तो वाचताना खटकत नाही.

नियतकालिकाने आपल्या बाजूने तीन गोष्टी केल्या. शीर्षक बदलून ‘साबणाने धुतलेली नळी घेते जीव’ असे केले. अभ्यासाने मृत्यूचे कारण तपासलेलेच नव्हते, म्हणून ते परत बदलून ‘सर्पदंशातील २० मिनिटांची चाचणी: नऊ आरोग्य केंद्रांचा अभ्यास (संक्षिप्त मराठी आवृत्ती)’ असे ठेवले. सर्पविषरोधक औषधाच्या मात्रेची माहिती लेखात घुसडली होती. माहिती उपयोगाची, पण अभ्यासाच्या बाहेरची. ती वेगळ्या चौकटीत, ‘संपादकीय जोड, मूळ अभ्यासाचा भाग नाही’ असे लिहून घेतली. आणि जागा वाचवण्यासाठी पहिल्या पानावरची तळटीप काढली होती. यावर मॅडमनी अजिबात तडजोड केली नाही. एखादा तक्ता गेला असता तरी चालले असते. तळटीप अशी होती: ‘हा लेख ‘क’ या जर्नलमध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या अभ्यासावर आधारित आहे’, आणि पुढे लेखक, वर्ष, खंड, पृष्ठे, डीओआय (लेखाचा कायमचा डिजिटल क्रमांक).

लेखकांची नावे आणि क्रम मूळासारखेच राहिले. भाषांतराला मदत करणाऱ्या शिक्षकाचे आभार मानले, त्यांना लेखक केले नाही. मराठी आवृत्तीला डीओआय घेताना, ते देणाऱ्या क्रॉसरेफ या संस्थेच्या नोंदीत ‘याचे भाषांतर’ हा संबंध भरता येतो. तो भरला, म्हणजे यंत्रालाही दोन्ही जोडलेले दिसतात.

याच महाविद्यालयातले इतर प्रश्न

परिषदेत वाचलेला गोषवारा किंवा पोस्टर हे पूर्वप्रकाशन सहसा धरत नाहीत. जर्नलला तसे कळवायचे, एवढेच. निवासी डॉक्टरचा प्रबंध आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे जातो, तोही बहुतेक जर्नलांना चालतो. प्रीप्रिंटचे, म्हणजे परीक्षणाआधीच ऑनलाइन ठेवलेल्या मसुद्याचे, धोरण मात्र जर्नलगणिक बदलते. मेडआरएक्सिव्ह हे वैद्यकीय प्रीप्रिंटचे संकेतस्थळ २०१९ मध्ये सुरू झाल्यापासून वैद्यकात ते रुळले, तरी पाठवण्याआधी जर्नलच्या सूचना वाचायलाच हव्यात.

एकच मजकूर अनेक जर्नलांनी ठरवून एकत्र छापण्याचीही रीत आहे. निरीक्षणात्मक अभ्यास कसे लिहावेत हे सांगणारे ‘स्ट्रोब’ निवेदन २००७ मध्ये अनेक जर्नलांत आले. सप्टेंबर २०२१ मध्ये हवामान बदल आणि आरोग्य यांवरचे एकच संपादकीय २०० हून अधिक आरोग्य जर्नलांनी छापले. अशा मजकुरात मोजण्यासारखे रुग्ण नसतात आणि तो इतरत्रही छापला आहे हे कोणी लपवत नाही, त्यामुळे तिथे कोणाची फसगत होत नाही.

राहिला शेवटचा निबंध. ‘ख’च्या प्रकरणानंतर सरांनी सुचवले, की २१४ पैकी मण्यारदंशाच्या ३१ रुग्णांवर वेगळा निबंध लिहावा. विभागातल्या काहींना हे एका अभ्यासाच्या फोडी करणे वाटले. पण मण्यारीचे विष मज्जातंतूंवर काम करते, रक्ताची गोठण बिघडवत नाही, म्हणून मूळ निबंधाच्या प्रश्नातून या ३१ जणांबद्दल फारसे काही कळत नव्हते. रात्री जमिनीवर झोपलेल्या रुग्णाला श्वासाचा त्रास सुरू होईपर्यंत किती तास गेले आणि व्हेंटिलेटर कुठे मिळाला, हा वेगळा प्रश्न होता आणि त्याची नोंद स्वतंत्र फॉर्मवर होती. मॅडमनी होकार दिला, तीन अटींवर: पद्धतीच्या पहिल्याच परिच्छेदात हे रुग्ण ‘क’मधल्या २१४ पैकीच आहेत असे लिहायचे, चाचणीचे आकडे पुन्हा मांडायचे नाहीत, आणि सबमिट करताना लागणारा प्रत्येक ईमेल पत्ता निवासी डॉक्टरने तपासायचा. संपादकांना पाठवलेल्या पत्रासोबत ‘क’मधल्या निबंधाची आणि मराठी आवृत्तीची पीडीएफ जोडली. सरांच्या पदोन्नतीच्या फाइलमध्ये ‘क’चा निबंध एक क्रमांक घेऊन आहे, आणि त्याच्याच खाली, क्रमांक न देता, मराठी आवृत्तीची ओळ.